एका ओळीचे १०४ रुपये ६९ पैसे

आधी आकडा सांगून टाकते, नाहीतर पुढे लाजेपोटी कमी करून सांगेन. १,६९,५९८ रुपये. ९९, मग २,९९९, मग ४८,५००, मग १,१८,०००. चारही वेळा माझ्याच हातांनी दिलेले. कुणी ओटीपी चोरला नाही, कुणी धमकावलं नाही. मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

प्रकार तुमच्या ओळखीचाच आहे. ९९ रुपयांचा वेबिनार, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ, 'फक्त १७ जागा शिल्लक', आणि आजच्या आज घेतलंत तर फी निम्मी. विषय मनाची ताकद. माइंडसेट, संकल्प, मॅनिफेस्टेशन, म्हणजे मनात घट्ट धरलं की ते प्रत्यक्षात येतंच. असल्या जाहिराती मी वर्षानुवर्षं अंगठ्याने वर ढकलत आले. त्या रात्री ढकलली नाही, कारण नोकरी सोडून स्वतःचं हिशेबाचं काम सुरू करायचं हे माझ्या डोक्यात सहा वर्षं होतं आणि सहा वर्षांत एक कागद हलला नव्हता. त्यात त्याच दिवशी माझ्याहून आठ वर्षांनी लहान मुलगा माझा साहेब झाला होता. अशा रात्री माणूस ९९ रुपये देतो. तुम्हीही दिले असते. नसते दिले? बरं.

आणि एक सांगते, त्या ९९ रुपयांतलं बरंचसं खरं होतं. काय हवंय ते नेमकं ठरवा, लिहून काढा, रोज त्याकडे बघा. यात खोटं काय आहे? असली लबाडी खपते ती याच जोरावर.

२,९९९ चं पाच दिवसांचं 'चॅलेंज' झालं. ४०० च्या वर माणसं एका ग्रुपवर. शिकवणारे सर एक वाक्य बोलले की चारशे लोक 'क्लेम्ड', म्हणजे 'हे माझं झालं', असं लिहायचे. मीही लिहायचे. तिसऱ्या दिवशी ती स्लाइड आली. ती मला अजून डोळे मिटले की दिसते: अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५३ साली पदवीधरांना विचारलं, तुमची ध्येयं लिहून ठेवली आहेत का? ३ टक्क्यांनी हो म्हटलं. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या ३ टक्क्यांकडे बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त संपत्ती होती.

माझ्यातली हिशेबनीस तेवढ्यापुरती जागी झाली. मी चॅटमध्ये विचारलं, "सर, हा अभ्यास कुठे वाचायला मिळेल?"

सरांनी माझं नाव मोठ्याने वाचलं. हसले. म्हणाले, "या ताईंना पुरावा हवाय. ताई, पुरावा मागणारं मन आणि पैसा अडवून ठेवणारं मन एकच असतं." लगेच बदामांचा पाऊस. आणि मी काय लिहिलं? 'सॉरी सर, क्लेम्ड.'

इथे उठायला हवं होतं. लॅपटॉप बंद करायचा, २,९९९ गेले म्हणायचं आणि झोपायचं. तो अभ्यास कधी झालेलाच नाही. येलमधूनच हे सांगितलं गेलंय की तिथल्या नोंदींत असलं काही सापडत नाही, आणि शोधायला मला दहा मिनिटं लागली. फक्त ती दहा मिनिटं मी पाच महिन्यांनी खर्च केली. चारशे अनोळखी माणसांसमोर बावळट ठरू नये म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीच किंमत पुढे पावणेदोन लाखांना जाऊन भिडली. पुरावा मागितल्यावर जो पुराव्याऐवजी तुमच्या मनाबद्दल बोलू लागतो, त्याच्यापुढून उठा. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

पाचव्या दिवशी पुढच्या टप्प्याचे ४८,५०० कार्डावरून गेले. नवऱ्याला ८,५०० सांगितले. हे लिहिताना हात अडतोय, पण त्याला आता कळलंच आहे.

बरोबर २१ दिवसांनी 'इनर सर्कल', म्हणजे त्याहून वरच्या टप्प्यासाठी फोन आला. सरांचा नाही, त्यांच्या एका 'मेंटॉर'चा. बाई अतिशय गोड बोलायच्या. मी म्हटलं, एवढे पैसे नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, 'नाहीत' हाच तुमचा लिमिटिंग बिलीफ, तुम्हाला अडवणारी समजूत. ज्या रकमेची भीती वाटते तीच भरली की आतलं कुलूप निघतं." सहा वर्षं एक पाऊल न टाकलेल्या बाईला याहून पटणारं काय सांगाल? मी मुदत ठेव मोडली. (या बाईंना प्रत्येक भरतीमागे कमिशन मिळत होतं, असं नंतर ग्रुपमधल्याच एकीने सांगितलं. तिला ते कसं कळलं? तिलाही तेच काम देऊ केलं होतं.)

आता दुसरी गोष्ट, आणि ही तर मला अजिबात माफ नाही. पावती आली: १,००,००० अधिक १८ टक्के कर, एकूण १,१८,०००. पावतीवर कराचा नोंदणी क्रमांक नव्हता. पैसे गेले होते एका माणसाच्या बचत खात्यात. माझ्या टेबलावर असली पावती आली असती तर लाल पेनने गोल करून परत धाडली असती. पंधरा वर्षं हेच करतेय. या पावतीचा मी मात्र स्क्रीनशॉट काढून 'माझी पहिली मोठी झेप' म्हणून स्टेटसला ठेवला. १८,००० रुपयांचा कर कुणाला भरला, ते त्या माणसालाच माहीत.

मिळालं काय? एक वही. नाव 'संकल्पवही', कागद बरा होता. पद्धत ३-६-९: सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा तेच वाक्य लिहायचं. 'मी माझ्या स्वतःच्या कार्यालयाची मालकीण आहे.' हे संशोधक निकोला टेस्लाच्या नावावर खपवतात. तो बिचारा १९४३ साली गेला, तक्रार करायला येणार नाही. दिवसाला १८ ओळी, ९० दिवस, एकूण १,६२० ओळी. भागाकार केला तर एक ओळ १०४ रुपये ६९ पैशांना पडली.

त्या ९० दिवसांत मी एकाही संभाव्य ग्राहकाला फोन केला नाही. वेळ नव्हता असं नाही, गरजच वाटली नाही. वही मिटताना इतकं समाधान वाटायचं की जणू कार्यालय उघडून, दिवा लावून घरी आले. नंतर कळलं की याचाही अभ्यास झालाय, आणि हा खराखुरा आहे. गाब्रिएले ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपण बारीक झालोय अशी गुलाबी चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन, अडचणींचीही कल्पना करणाऱ्यांपेक्षा सरासरी ११ किलो कमी घटलं. गोड चित्रात मन रमलं की ते पोहोचल्यासारखं सैलावतं. माझं ९० दिवस हेच झालं, आणि त्यासाठी मी फी भरली.

आणि जे खरोखर चालतं ते किती साधं आहे हे कळलं तेव्हा मला रडू आलं, रागाने. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम बघा: 'अमुक वेळ झाली, अमुक जागी असले, की मी अमुक करणार', एवढं एक वाक्य. २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. व्यायामाबद्दल काहीच विशेष न सांगितलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. भरपूर प्रेरणा दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी. आणि प्रेरणेसोबत कधी, कुठे करणार हे लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी. नुसती प्रेरणा दिलेले ३५! सरांनी मला पावणेदोन लाखांत जे विकलं त्याची खरी किंमत शून्यातून तीन वजा. कधी-कुठेचं वाक्य बसच्या तिकिटामागे मावतं.

आता या धंद्याची मुख्य खुबी. पैसे परत मिळण्याची 'शंभर टक्के हमी' होती, ९० दिवस वही पूर्ण केली तर. मी केली. ९० दिवस रोज फोटो पाठवला. मग ३० दिवस 'पडताळणी'. मग उत्तर आलं: ४१ व्या दिवसाचा फोटो रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी आला, सबब साखळी तुटली. त्या रात्री मुलीला ताप होता. खाली ओळ होती, 'युनिव्हर्सला तुमची तळमळ कमी पडली असावी.' म्हणजे जमलं तर सरांची पद्धत, फसलं तर माझा संकल्प कच्चा. दोन्हीकडून तेच बरोबर. आणि यातून जी शरम येते ना, तीच त्यांची राखणदार. ग्रुपमधल्या निदान अकरा जणींनी मला वेगळा मेसेज करून हेच सांगितलं. तक्रार करायला एकही तयार नाही. 'लोक म्हणतील मनच दुबळं.'

तक्रारीचं पुराण ऐका. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसले. हवालदार म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना? मग फसवणूक कुठली?" मी हमीचा मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला, शेजारच्याला वाचायला दिला. दोघे हसले. "अहो, मनाची शक्ती म्हणे!" सायबर शाखेकडे जा म्हणाले. सायबर शाखेत: ओटीपी गेला नाही, लिंक नाही, खातं हॅक झालं नाही, हे आमच्यात बसत नाही, हा दिवाणी मामला. अर्ज तरी घ्या म्हटलं तर पोचपावतीसाठी दुसऱ्या खिडकीवर, आणि ती खिडकी जेवायला गेलेली. पोचपावती तिसऱ्या खेपेला मिळाली. तिच्यावर रक्कम १६,९५९ लिहिली होती. शेवटचा आठ त्यांनी खाल्ला! दुरुस्तीसाठी नवा अर्ज करा म्हणाले.

बँकेने तर कमालच केली. कार्डाचा ४८,५०० चा व्यवहार उलटवण्याची माझ्या बँकेची मुदत १२० दिवस. मी गेले १४१ व्या दिवशी. २१ अधिक ९० अधिक ३०, करा बेरीज. ती हमी पैसे परत करायला नव्हतीच, बँकेची मुदत संपवायला होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आधी यायचं होतंत." आधी आले असते तर हीच म्हणाली असती, हमीचे दिवस संपू देत. बचत खात्यात पाठवलेल्या १,१८,००० बद्दल तर त्यांनी अर्जच घेतला नाही. ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव सांगा म्हटलं तर ग्राहकाची माहिती गोपनीय! माझी गोपनीय माहिती मात्र त्यानंतर आठवडाभरात तीन कर्ज देणाऱ्यांकडे पोहोचली. कशी, देव जाणे.

ग्राहक तक्रार केंद्रात तक्रार नोंदली. सहा दिवसांनी आपोआप बंद झाली. कारण: 'समोरच्या पक्षाने सेवा दिल्याचे कळवले आहे.' दिली की. वही दिली.

म्हणून सांगते, हमीचे दिवस मोजत बसू नका. पहिल्या शंकेलाच बँकेत लेखी द्या. ग्रुप सोडण्याआधी चॅट उतरवून ठेवा, मी रागाने सोडला आणि निम्मा पुरावा तिथेच राहिला. खात्यावर कंपनीऐवजी माणसाचं नाव दिसलं की थांबा. आणि घरच्यांना खरा आकडा सांगा. मी ४८,५०० म्हटलं असतं तर नवऱ्याने त्याच रात्री पावती मागितली असती. "अगं, तू बिलं तपासतेस ना?" एवढंच तो आता म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

मनाने काही होत नाही असं मी म्हणत नाहीये. गेल्या महिन्यात फ्रिजवर एक चिठ्ठी लावली: मंगळवारी, रात्री साडेनऊला, जेवणाच्या टेबलावर, दोघांना फोन. सहा मंगळवार झाले. दोन लहान दुकानदारांची पुस्तकं माझ्याकडे आलीत. त्यातून १,६९,५९८ भरून यायला साधारण साडेतीन वर्षं लागतील, हिशेब केलाय.

परवा फोनवर नवी जाहिरात आली. सर नवे, घड्याळ तेच, फी तीच ९९. तिसऱ्या स्लाइडला येल, १९५३, ३ टक्के. मी तक्रारीचं बटण दाबलं. चार तासांनी उत्तर आलं: या जाहिरातीत आमच्या नियमांचा भंग होत नाही.