कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात मॅसरेटर कमोड बसवलंय, कसं चाललंय ते सांगतो

आमचं घर आजोबांच्या वेळचं, पुढं सोपा, मग माजघर, मागं न्हाणी आणि त्याच्या मागं परडं. परडं वाटणीत चुलत्यांकडं गेलं, संडास तेवढा सामायिक राहिला. आईचे गुडघे आता चालत नाहीत, पावसात रात्री छत्री धरून परड्यात न्यायचं म्हणजे तिचे हाल आणि आमचे पण, म्हणून न्हाणीतच कमोड बसवायचं ठरलं. चुलत्यांच्या सेप्टिक टाकीत नवी लाइन सोडायला ते तयार नाहीत, वाद नको म्हणून तो विषय मी काढलाच नाही परत. राहिलं पुढचं गल्लीतलं चेंबर. आता डांबरावर डांबर पडून आमच्या गल्लीचा रस्ता एवढा वर आलाय की घराची जमीनच खाली गेल्यासारखी झालीय. चार इंची पाइपला उतार द्यायचा तर सोपा-माजघर दोन्हीकडची शहाबादी फरशी उखडायची, आणि एवढं करून चेंबरला पाणी जाईल का विचारलं तर गवंडी म्हणाला, "बघू की मालक, खोदल्यावर कळंल."

तेव्हा मॅसरेटरचा विषय आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कमोडच्या मागं एक प्लास्टिकची पेटी असते, फ्लश केला की मैला-पाणी त्यात येतं, पाण्याच्या दाबानं आतला स्विच दाबला जातो, मोटर सुरू होते, पाती सगळं बारीक करतात आणि पंप ते पातळ झालेलं पाणी बारक्या पाइपनं वर ढकलतो. 22 ते 32 मिलिमीटरचा पाइप पुरतो, त्यामुळं फरशी फोडायची नाही, भिंतीच्या कडेनं न्यायचा. ही कल्पना फ्रान्समधल्या एसएफए कंपनीनं 1958 साली आणली, सॅनिफ्लो म्हणतात ते त्यांचंच. आम्ही घेतलं ते दुसऱ्या कंपनीचं, नाव सांगत नाही, कारण खाली थोडी शिवी आहे.

मशीन, कमोड, पाइप, वायरिंग सगळं धरून खर्च साध्या कमोडच्या कितीतरी पट झाला. आणि लक्ष्मीपुरीत कमोड घ्यायला गेलात तर दुकानदार सवयीनं एस-ट्रॅप काढून दाखवतो, म्हणजे खाली फरशीत जाणारं. ते चालत नाही. पाठीमागून आडवं तोंड असलेलं पी-ट्रॅपच पाहिजे, आणि ते तोंड मशीनच्या तोंडाला बरोबर बसतंय का हे दुकानातच टेप लावून बघा. आत्ती विचारत होती, देशी भांडं नाही का बसत याला. भांड्याचं तोंड जमिनीत, मशीन जमिनीवर, मग ओटा करून चढायला पायऱ्या द्याव्या लागतील, गुडघेदुखीवाल्या माणसाला त्याचा काय उपयोग.

आता खरी गोष्ट, जी कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. मशीनपेक्षा पाइप महत्त्वाचा. आमचा प्लंबर अनुभवी माणूस, पण आयुष्यभर चार इंची लाइन टाकलेली, त्याला हे प्रकरण पटतच नव्हतं. कोपऱ्याला 90 अंशाचा एल्बो, म्हणजे पाइपचं वळण, लावायला निघाला, म्हटलं मामा, मशीनच्या पुस्तकात 45 चे दोन लिहिलेत. "पाण्याला काय कळतंय पुस्तक?" असं म्हणाला, पण लावले. कारण साधं आहे, काटकोनात गाळ अडकतो आणि पंपाची ताकद तिथंच जाते. दुसरं, वर चढवायचा असेल तर मशीनपासूनच लगेच सरळ उभा चढवायचा, आधी लांबवर आडवा नेऊन मग चढवायचा नाही. वर गेल्यावर चेंबरकडं दर मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवायचा, म्हणजे मोटर बंद झाल्यावर आडव्या पाइपात घाण साचून राहत नाही. आमचा पाइप माजघराच्या भिंतीवर छताच्या खालून जातो, पांढरा रंग मारलाय, पाहुण्यांना वाटतं नळाची लाइन आहे. वाटू दे. पंप उभा चार-पाच मीटर चढवतो असं मॉडेल बघून घेतलं, आमच्याकडं त्याच्या निम्मा पण चढ नाही, त्यामुळं त्याला दम लागत नाही.

आवाज आहे. मिक्सरला खोबरं लावल्यासारखा, पण पंधरा-वीस सेकंदच. दिवसा काही नाही, रात्री माजघरात झोपणाऱ्याला जाग येते. मशीन भिंतीला टेकलं तर आवाज दुप्पट होतो, म्हणून बोटभर फट ठेवा आणि खाली रबर घाला. आणि एक गंमत, फ्लशची टाकी थोडी जरी गळत असली तरी पेटी हळूहळू भरते आणि मध्यरात्री कोणी गेलेलं नसताना मशीन आपोआप सुरू होतं. आई घाबरून उठून बसली होती. फ्लशचा वॉशर बदलला, विषय संपला. टाकी गळत नसूनही आपोआप चालू होत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हकडं, म्हणजे पाणी मागं येऊ न देणाऱ्या झडपेकडं बघा, उभ्या पाइपातलं पाणी परत खाली येत असतं.

लाईटबिलाची काळजी करू नका. 400 वॅटची मोटर दर फ्लशला वीस सेकंद चालली, दिवसाला दहा फ्लश धरले तरी महिन्याला एक युनिट होत नाही. पण लाईट गेली की खेळ खल्लास. पेटीत थोडीच जागा असते, आणि आपल्याकडं लाईट नसली की बादलीनं पाणी ओतायची सवय, ती इथं अजिबात नको, भरून वर येतं. आम्ही मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय. वायरमनकडून वेगळी लाइन, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, करूनच घ्या, ओल्या जागेत विजेची मोटर आहे ती, तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

घरच्यांना शिस्त लावणं हे सगळ्यात अवघड काम. त्यात मैला, पाणी आणि टॉयलेट पेपर, बास. बाकी कापूस, केस, पॅड, दोरा, ओले वाइप्स काही नको, पाकिटावर फ्लश करता येतं असं लिहिलेलं असलं तरी नको. लग्नाला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी बाळाचा वाइप टाकला आणि मशीन गुरगुरत बसलं, फिरेना. कंपनीच्या नंबरवर फोन लावला तर "टेक्निशियन पुण्याहून येईल, तारीख कळवतो", तारीख काही कळवली नाही. घरात लग्न, मशीन बंद, कसं चालायचं! शेवटी उद्यमनगरातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या पोराला बोलावलं, त्यानं आधी लाईट काढली, झाकण उघडलं, पात्यात पीळ बसलेला तो कपडा चिमट्यानं ओढून काढला, तोंडाला रुमाल बांधून. त्याला हातात पैसे दिले आणि वर चहा-नाष्टा, मागितले त्यापेक्षा जास्तच दिले. ही सर्व्हिस मात्र बेकार, मशीन घेण्याआधी कोल्हापुरात दुरुस्ती कोण करतं हे विचारूनच घ्या.

अॅसिड ओतायचं नाही हे पण ठसवावं लागतं. दारावर येणारं ते धुराचं अॅसिड ओतल्याशिवाय संडास साफ वाटतच नाही बायकांना, पण आतले रबर त्यानं जातात. बोअरचं पाणी असेल तर क्षार धरतात, त्याला मशीनवाल्यांचं डिस्केलर मिळतं, अधूनमधून ते टाकायचं. आणि सुताराला मशीन फळ्यांनी कायमचं बंद करू देऊ नका, आमचा सुतार तेच करायला निघाला होता, स्क्रू काढून फळी निघाली पाहिजे.

नदीकडच्या गल्ल्यांत, जिथं 2019 आणि 2021 ला घरात पाणी आलं, तिथं मी हे घेताना दहा वेळा विचार करीन. जमिनीवर ठेवलेलं मशीन पुराच्या पाण्यात गेलं की मोटर गेलीच.

आई खूश आहे, हातानं दांडा धरून स्वतः जाते-येते, त्यापुढं आवाज-बिवाज काही वाटत नाही आम्हाला. मशीनला पाचातले चार, कंपनीच्या सर्व्हिसला एक. राजारामपुरीतला एक मित्र बघून गेला, त्याला पण तसलंच पाहिजे झालंय. त्याच्या बाथरूमच्या भिंतीपलीकडं इमारतीची चार इंची लाइन उभी आहे, म्हटलं भावा तुला हे मशीन कशाला, भिंतीला भोक पाड आणि साधं कमोड बसव. तर म्हणतो, "नाही रे, ते आवाज करतंय ते लई भारी वाटतंय."