ओंटारिओचा पी.इंज. परवाना: नव्या प्रक्रियेचं परीक्षण

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 'प्रोफेशनल इंजिनिअर' म्हणजे पी.इंज. हा परवाना देणाऱ्या 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ' म्हणजे पीईओ या नियामक संस्थेने १५ मे २०२३ पासून एक वर्षाच्या कॅनेडियन अनुभवाची अट काढली. परवाना नाही म्हणून हवी ती नोकरी नाही आणि तशी नोकरी नाही म्हणून परवाना नाही, या चक्रात लोकांची उमेदीची वर्षं जायची. आता एकूण ४८ महिन्यांचा अनुभव लागतो आणि पुण्या-मुंबईत केलेलं कामही त्यात धरता येतं. या एका बदलाला पैकीच्या पैकी गुण. बाकी प्रक्रियेला तेवढे देता येणार नाहीत.

कागदपत्रं भारतात असतानाच गोळा करा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांच्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर पहिलं वर्ष नसतं, त्यामुळे तंत्रशिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकाही हाताशी हव्यात. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर नावांचा क्रम वेगळा असतो. हा फरक खुलासा करणाऱ्या प्रतिज्ञापत्रासह आधीच मिटवा.

अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ पासून आहे, पण म्हणून तांत्रिक परीक्षा माफ होईल असं धरून चालू नका. पीईओच्या स्वतःच्या परीक्षांऐवजी अमेरिकेतल्या एनसीईईएस या संस्थेची एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा चालते आणि आमच्या मते तीच सोयीची. ११० प्रश्न, ५ तास २० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, सूत्रांची पुस्तिका स्क्रीनवरच शोधता येते. आपल्याकडच्या कॉलेजांत सर्रास दिसणारा कॅसिओ एफएक्स-९९१ कॅल्क्युलेटर चालतो. घात होतो तो एककांत. आपला सगळा अभ्यास मीटर-न्यूटनमध्ये झालेला असतो आणि प्रश्नांत मधूनच पीएसआय, किप, बीटीयू अशी अमेरिकी एककं येतात. सराव दोन्ही पद्धतींनी हवा. कायदा आणि व्यावसायिक नीतीवरची एनपीपीई (नॅशनल प्रोफेशनल प्रॅक्टिस एक्झामिनेशन) त्यामानाने सोपी: अडीच तास, ११० प्रश्न.

खरी कसोटी लागते ती अनुभवाच्या मूल्यमापनात. सात गटांत मिळून ३४ क्षमता असतात, त्यांतल्या १० तांत्रिक. प्रत्येकीसाठी प्रत्यक्ष कामातलं उदाहरण द्यायचं: परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलं, निष्पन्न काय झालं. इथे आपली माणसं मागे पडतात, कारण 'आमच्या टीमने डिझाइन केलं' असं लिहायची सवय. टीमच्या कामावरून तुमची पात्रता ठरवता येत नाही. 'मी' लिहा, आकडे लिहा, कोणतं मानक वापरलं ते लिहा. तांत्रिक गटातली क्षमता १.५ बघा: उत्तरं स्वतंत्रपणे पडताळता येतात का? 'स्टॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं' हे त्याचं उत्तर नव्हे. एक तुळई निवडून तिचा बेंडिंग मोमेंट हाताने काढला, सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडला, फरक का आला ते शोधलं, असं लिहिलं तर पडताळणी दिसते. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक वापरलं असेल तर तेच लिहा. मात्र क्षमता १.१ मध्ये स्थानिक पद्धतीही येतात, तेव्हा कॅनडाचं काँक्रीटचं मानक सीएसए ए२३.३ वाचून दोन्हींतला फरक समजून घ्या.

लिहिलेल्याला दुजोरा द्यायला काम जवळून पाहिलेला वरिष्ठ लागतो. नोकरी सोडताना अशांचा खासगी ईमेल घेऊन ठेवा, कंपनीचा पत्ता पुढे बंद पडतो.

पीईओकडून मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवू नका, तिचं काम नियमनाचं. अभियंत्यांची बाजू मांडणारी संस्था वेगळी: 'ओंटारिओ सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनिअर्स', म्हणजे ऑस्पी. नव्याने आलेल्यांसाठी 'अ‍ॅक्सेस एम्प्लॉयमेंट'चा अभियंत्यांचा कार्यक्रम आणि टोरांटोतल्या 'ट्रायेक'ची मेंटॉर योजना उपयोगी आहेत, पण बरेचजण तिथे फक्त रेझ्युमे सुधारून घेतात. मेंटॉर तुमच्याच शाखेतला पी.इंज. मिळाला तर त्याच्याकडून १० तांत्रिक उत्तरं वाचून घ्या आणि 'यात तू नेमकं काय केलंस ते कळत नाही' असा शेरा जिथे येईल, ते उत्तर नव्याने लिहा.