सोव्हिएत सैनिकांचे अफगाणिस्तानातले फोटो आणि एप्सन व्ही६०० : प्रिंटला पहिला वर्ग, निगेटिव्हला काठावर पास

एप्सनचा परफेक्शन व्ही६०० हा फ्लॅटबेड स्कॅनर घरचे जुने फोटो जपायला पुष्कळांनी घेतलाय. इथे त्याची पारख जरा आडवळणाच्या मालावर केली आहे : १९७९ ते १९८९ या काळात अफगाणिस्तानात असलेल्या सोव्हिएत सैनिकांनी स्वतः काढलेले आणि बरेचदा स्वतःच धुतलेले फोटो. नागपुरात असे फोटो जमवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण कामठीच्या छावणीमुळे घरात फौजी अल्बम असलेली कुटुंबं इथे भरपूर आहेत, आणि त्यांच्याही प्रिंटना यातलं बहुतेक लागू पडतं. निकाल आधीच सांगून टाकतो. प्रिंट आणि अल्बम असतील तर खुशाल घ्या. नुसत्या ३५ मिमी निगेटिव्ह असतील तर यात पैसे घालू नका.

आधी माल समजून घ्यायला हवा. सोव्हिएत ४० वी आर्मी डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सीमा ओलांडून आत गेली आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला तिचे सेनापती जनरल बोरिस ग्रोमोव सीमेवरच्या तेर्मेझच्या पुलावरून परतले. मधल्या काळात सहा लाखांवर सोव्हिएत माणसं तिथे नोकरी करून गेली, सुमारे १५ हजार जिवंत परतली नाहीत. सुरुवातीची बरीच वर्षं सरकारी वर्तमानपत्रांत लढाई जवळजवळ नव्हतीच. झाडं लावणारे, शाळेला मदत करणारे सैनिक तेवढे दिसत. त्यामुळे पोरांनी खिशातल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या फोटोंना मोल आलं. त्यांतही गोळीबार क्वचितच दिसतो. चिलखती गाडीवर चढून बसलेली टोळी, रुंद काठाची पनामा टोपी, पट्टेरी बनियन, गिटार, पाळलेलं कुत्रं, मागे उघडेबोडके डोंगर. कॅमेरा बहुधा स्मेना-८एम, नाहीतर फेद, झोर्की, झेनिट. फिल्म स्वेमा किंवा तास्माची, कागद युनिब्रोम, आकार ९ × १२ सेंमी. डार्करूम म्हणजे खिडकीवर कांबळं टाकलेली खोली, आणि पाणी मोजून मिळणारं. प्रिंट नीट धुतला गेला नाही की हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, कागदातच राहतो आणि काही वर्षांनी चांदीशी खेळ करून चित्र पिवळं-तपकिरी पाडतो. या गठ्ठ्यांतल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ तिथे आहे.

आता स्कॅनर. कागदावर आकडे भारी आहेत : ६४०० डीपीआय (एका इंचात तितके ठिपके), ४८ बिट रंग, एलईडी दिवा, त्यामुळे चालू केल्या केल्या तयार. प्रिंटसाठी यातलं ६०० डीपीआय पुरे. ९ × १२ चा प्रिंट ६०० वर सुमारे ६० लाख पिक्सेलचा होतो आणि ४८ बिट टिफ फाइल ३६ एमबीच्या आसपास जाते. १२०० वर तीच फाइल १४५ एमबी, आणि हाती लागतो तो बहुधा कागदाचा पोत, नवा तपशील नाही. स्मेनाच्या तीन काचांच्या लेन्समधून आणि मग हातच्या एन्लार्जरमधून उतरलेल्या चित्रात त्याहून जास्त काही उरलेलं नसतं. अपवाद एकच : पासपोर्टाएवढे छोटे प्रिंट, किंवा समूहफोटोत गाडीच्या बाजूवरचा क्रमांक वाचायचा असेल तेव्हा. तिथे तेवढ्या तुकड्यापुरतं १२०० लावा.

सॉफ्टवेअरमध्ये सरळ प्रोफेशनल मोडला जा. फोटो काळापांढरा असला तरी ४८ बिट कलरमध्येच घ्या. अनशार्प मास्क, डस्ट रिमूव्हल, कलर रिस्टोरेशन, बॅकलाइट करेक्शन, सगळ्यांच्या खुणा काढा. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उघडून काळ्या आणि पांढऱ्या टोकाचे त्रिकोण हाताने बाहेर सरकवा, दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. ऑटोवर सोडलं तर अफगाण उन्हातलं आकाश आणि पांढरट धूळ एकजीव होते, डोंगराची कड जाते. आणि जागा ओळखायची तर ती कडच कामाला येते.

धूळ काढणाऱ्या फिल्टरबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण घात तोच करतो. छावणीतल्या वाटेच्या कडेने चुना फासलेले दगड लावलेले असतात. टोपीवरचा तारा, लांबच्या तंबूची दोरी, खडकावर रंगवलेलं गावाचं नाव, हे सगळं स्कॅनमध्ये चारदोन पांढरे ठिपके एवढंच असतं. फिल्टरच्या लेखी ती धूळच. डिजिटल आइस ही धूळ-ओरखडे आपोआप पुसणारी सोय व्ही६०० प्रिंटसाठीही देतो, पण पोत असलेल्या कागदावर तिचा गोंधळ उडतो. धूळ स्कॅनच्या आधी हवेच्या रबरी फुग्याने आणि मऊ ब्रशने काढायची, नंतर उरलेली हाताने, आणि तीही मूळ फाइलवर नाही, प्रतीवर.

रंगीत स्कॅन का, याचं उत्तर चॅनेलमध्ये आहे, म्हणजे फाइलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांत. प्रिंटवर पिवळा डाग पडलाय पण खालचं चित्र शाबूत आहे, तर लाल चॅनेल वेगळा काढा; पिवळा रंग लाल प्रकाश अडवत नाही, म्हणून डाग जवळजवळ नाहीसा होतो. याच्या उलट, चित्रच उडून पिवळसर झालंय, तर निळा चॅनेल पाहा. पिवळा निळ्याला अडवतो, म्हणून विरलेल्या चेहऱ्याला तिथे उठाव येतो. काळ्यापांढऱ्यात स्कॅन केलं की दोन्ही वाटा बंद. कडेला आरशासारखी निळसर चकाकी आली असेल तर ती पृष्ठभागावर आलेली चांदी आहे. तिच्यापुढे फ्लॅटबेडचं काही चालत नाही, आणि कापसाने घासायला गेलात तर चित्रही जाईल. पोत असलेला कागद चकाकत असेल तर एकदा सरळ, एकदा १८० अंशांत फिरवून असे दोन स्कॅन घ्या आणि संगणकात एकावर एक ठेवून सरासरी काढा. चकाकी बरीच उतरते.

व्ही६०० खरा उजवा ठरतो तो डेम्बेल अल्बमला. दोन वर्षांची सक्तीची नोकरी संपत आली की सैनिक हा अल्बम बनवायचे : जाड पुठ्ठा, वर मखमल किंवा ओव्हरकोटाचं कापड, त्यावर ठोकून उठवलेला पत्रा, आत काळी किंवा रंगवलेली पानं, आणि प्रत्येक दोन पानांमध्ये चित्र काढलेला ट्रेसिंग पेपर. अशी पानं काचेला कधीच सपाट टेकत नाहीत. स्वस्त, पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस, म्हणजे काचेला लागूनच वाचणारा सेन्सर असतो. काचेपासून वस्तू थोडी उचलली की तो धूसर दाखवतो. व्ही६०० मध्ये सीसीडी, म्हणजे लेन्समधून पाहणारा सेन्सर आहे, त्याची फोकसची खोली बरी आहे. वाकलेला प्रिंट किंवा उठावाचं काम बऱ्यापैकी स्वच्छ येतं. पण काच ए४ एवढीच, २१६ × २९७ मिमी. पान मोठं असेल तर दोन-तीन तुकड्यांत घ्यायचं, तुकडे एकमेकांवर तीन-चार सेंमी चढले पाहिजेत. झाकण दाबून बंद करू नका. वरून काळं जाड कापड टाका.

फोटो पानावरून सोडवायचा नाही, कितीही मोह झाला तरी. क्रम, खालची ओळ, शेजारचं चित्र, सगळं मिळून तो दस्तऐवज आहे. एका पानाचे तीन स्कॅन : ट्रेसिंग पेपर खाली असताना, वर उचलून, आणि मग एकेक फोटो ६०० वर.

फोटोंच्या पाठी विसरू नका. नुसती ‘आठवणीसाठी’ एवढीच ओळ असली तरी पाठ स्कॅन करायचीच. ‘डीएमबी-८४’ असं रशियन अक्षरांत असेल तर माणूस १९८४ मध्ये सुटला. म्हणजे साधा शिपाई असेल तर १९८२ च्या सुमारास भरती, आणि फोटो त्या दोन वर्षांतला. पाच आकडी फील्ड पोस्ट क्रमांक मिळाला तर तुकडीपर्यंत पोचता येतं. निळी शाई विरली असेल तर लाल चॅनेल, जांभळी असेल तर हिरवा. जांभळी अक्षरं बहुधा कॉपिंग पेन्सिलची असतात. ओलं बोट लागलं की ती पसरतात, त्यामुळे काच पुसल्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. घरचा पत्ता लिहिलेला असेल तर नेटवर टाकताना झाका. ही माणसं आज साठीच्या आसपासची आहेत. फाइलला नाव देताना पुढची-मागची जोडी तुटू देऊ नका : ‘अ०३-१२-पुढे’, ‘अ०३-१२-मागे’, एवढं साधं पुरतं.

आता निगेटिव्ह, आणि इथे गाडी अडते. ६४०० डीपीआय हा आकडा खोक्यावर शोभतो, चाचण्यांत प्रत्यक्ष तपशील मिळतो तो साधारण १५०० ते १६०० चा. म्हणजे ३५ मिमीच्या एका फ्रेममधून जेमतेम सव्वातीन मेगापिक्सेल. ३२०० वर स्कॅन करा, त्यापुढे जाणं म्हणजे डिस्कची जागा वाया. होल्डरची उंची बदलता येत नाही, आणि जुनी स्वेमा फिल्म वाळून पन्हळीसारखी वळलेली असते. होल्डर तिला फक्त कडेने धरतो, मधला भाग फोकसबाहेर जातो. पट्ट्या आठवडाभर चांगल्या पुस्तकाखाली, आम्लरहित कागदात घालून दाबून ठेवल्या तर फरक पडतो. ताबडतोब हवं म्हणून इस्त्री वगैरे फिरवू नका.

थंबनेलची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. या कॅमेऱ्यांत फ्रेममधलं अंतर सारखं पडत नाही, कधी दोन फ्रेम एकमेकांवर चढतात. सॉफ्टवेअर ठरावीक अंतर धरून कापतं आणि कडेच्या माणसाचं अर्धं तोंड उडवतं. थंबनेलशिवाय प्रिव्ह्यू घेऊन चौकट हाताने आखा, फ्रेमच्या चारही बाजूंना थोडी काळी-पांढरी कड ठेवून. होल्डरमध्ये सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या बसतात, पण सैनिकांनी कात्रीने वाटेल तशा कापलेल्या असतात. दोन फ्रेमचा तुकडा होल्डरमध्ये सरकतो, त्याला मागेपुढे कोऱ्या फिल्मचा आधार द्या.

डिजिटल आइस काळ्यापांढऱ्या फिल्मवर मुळीच नको. ती अवरक्त किरणांनी धूळ शोधते. रंगीत फिल्ममधले रंग ते किरण जाऊ देतात, काळ्यापांढऱ्यातली चांदी अडवते. मग चित्रालाच धूळ समजून सगळं लिंपून टाकते. पूर्व जर्मनीच्या ओर्वोक्रोम स्लाइड अधूनमधून मिळतात, त्यांना आइस चालते, पण स्लाइडमधल्या गडद सावल्यांत हा स्कॅनर खरखरीत दाणा देतो. तंबूच्या आतला फोटो असेल तर फार आशा ठेवू नका.

फिल्म उलटी लागली का, ते ओळखायला रायफल बघा. एके-७४ चा बोल्टचा दांडा उजव्या बाजूला असतो. सगळी टोळी डाव्या दांड्याच्या रायफली घेऊन उभी दिसली तर पट्टी पालथी घाला. गाडीही तारखेला मदत करते : बीटीआर-८० ही चिलखती गाडी दिसली तर फोटो दशकाच्या मध्याच्या आधीचा नाही.

फक्त निगेटिव्ह असणाऱ्यांनी कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचा फोटो काढावा : मॅक्रो (जवळून टिपणारी) लेन्स, सपाट एलईडी पाटी आणि उभा स्टँड. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याने १:१ वर, म्हणजे फिल्मच्याच मापात, फ्रेम भरली तर सुमारे ४२०० पीपीआय (इंचाला पिक्सेल) मिळतं, आणि वेग कितीतरी जास्त. नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या लॅबला काम द्यायचं असेल तर दरापेक्षा आधी मशीन विचारा. प्रिंट रोलरमधून ओढून नेणारं मशीन असेल तर हा माल तिथे द्यायचा नाही. वळलेला युनिब्रोम रोलरमध्ये तडकतो.

नागपूरच्या हवेचं काय? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा ठणठणीत कोरडी. प्रिंट पापडासारखे वळतात आणि सरळ करायला गेलं की इमल्शनला, म्हणजे चित्राच्या जिलेटिनच्या थराला, भेग. त्यावर उपाय म्हणून कूलर लावलेल्या खोलीत काम करणं हे त्याहून वाईट. कूलर ओलावा तर देतोच, शिवाय वाळ्याचा कचराही उडवतो, आणि जिलेटिन मऊ होऊन प्रिंट काचेला चिकटू शकतो. एसी असेल तर उत्तम, नसेल तर पहाटेची वेळ, पंखा बंद. पावसाळ्यात फिल्म काचेला टेकली की इंद्रधनुषी कडी उमटतात, म्हणून होल्डरशिवाय फिल्म ठेवायची नाही. स्कॅनर झाकून ठेवा, पण प्लॅस्टिकात गुंडाळून नव्हे, सुती कापडाने. मूळ फोटो हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की बदलून.

वापरलेला व्ही६०० मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण तपासून. रिकाम्या काचेवर काहीही न ठेवता १२०० वर एक स्कॅन घ्या आणि कॉन्ट्रास्ट ताणून पाहा. उभ्या रेघा दिसल्या तर आत धूळ किंवा सेन्सरचा दोष. मोबाइलच्या टॉर्चने तिरपा उजेड टाकून काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर आहे का ते बघा. झाकणातली पांढरी पाटी काढून फिल्मचा दिवा पूर्ण लांबीत सारखा पेटतो का, हेही. फिल्मचे मूळ होल्डर मागून घ्या. ते नसतील आणि तुमच्याकडे नुसते प्रिंटच असतील, तर त्या नावाखाली किंमत बिनदिक्कत पाडून मागा.