चॅप्टरचं घर: भाड्याने, विद्यापीठाकडून की मालकीचं?

अमेरिकेत देशी, म्हणजे दक्षिण आशियाई वंशाच्या, मुलांच्या फ्रॅटर्निटी (कॉलेजातल्या मुलांच्या संघटना, ज्यांचे सदस्य बहुधा एकत्र राहतात) आता तीसेक वर्षांच्या झाल्या. बिंगहॅम्टनला १९९४ साली आयोटा न्यू डेल्टा निघाली, ऑस्टिनला १९९८ साली डेल्टा एप्सिलॉन साय आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात बीटा काय थीटा. त्यांचे पहिले सदस्य आज नोकरी-धंद्यात स्थिरावले आहेत. जुन्या फ्रॅटर्निटींच्या कित्येक चॅप्टरकडे, म्हणजे एकेका कॉलेजातल्या शाखांकडे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं घर असतं. या नव्या चॅप्टरना ते शून्यातून उभं करावं लागतं. म्हणून न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही हा विषय निघू लागला आहे. मुलगा म्हणतो, "आम्ही घर घेतोय," आणि सहीसाठी कागद पुढे येतो तो आई-बाबांच्या. ही तुलना त्या आई-बाबांसाठी आहे आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या माजी सदस्यांसाठीही.

घर परवडेल का, हे सगळे विचारतात. मी त्याआधी विचारीन, की दहा वर्षांनी त्या घराची किल्ली कोणाच्या हातात असेल? आज उत्साहाने धावपळ करणारी मुलं चार वर्षांत निघून जातात. घर मात्र राहतं, त्याचं कर्जही राहतं. तिन्ही पर्याय मी याच प्रश्नावर तपासले आहेत.

खासगी घर भाड्याने

सर्वांत झटपट होणारा मार्ग हाच. अनामत भरा, करार करा, ऑगस्टमध्ये राहायला जा. पण अडचण गावाच्या झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या भागात काय वापर चालेल या नियमांत, असते. एकमेकांच्या नात्यात नसलेली किती माणसं एका घरात राहू शकतात, यावर अनेक कॉलेज-गावांत मर्यादा आहे. अशी मर्यादा घालता येते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच बेल टेअर गावाच्या खटल्यात मान्य केलं. तिथे स्टोनी ब्रुक विद्यापीठाचे सहा विद्यार्थी एक घर भाड्याने घेऊन राहत होते आणि गावाचा नियम होता नात्यात नसलेल्या जास्तीत जास्त दोघांचा. घरमालक "आठ बेडरूम" म्हणतो तेव्हा आठ जणांना राहायची परवानगी आहे असा अर्थ होत नाही. गावाच्या नियोजन कार्यालयात जाऊन स्वतः विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी गोष्ट करारातली. बहुतेक भाडेकरारांत सगळे सही करणारे मिळून आणि एकेकटेही पूर्ण भाड्याला जबाबदार असतात. दोन मुलं मध्येच सोडून गेली तर त्यांचा वाटा उरलेल्यांवर, म्हणजे पर्यायाने त्यांच्या पालकांवर येतो. जामीन राहायचंच असेल तर फक्त आपल्या मुलाच्या वाट्यापुरतं राहा आणि तशी ओळ करारात घालून घ्या. शिवाय करार सहसा बारा महिन्यांचा असतो, मुलं राहतात नऊ-दहा. उन्हाळ्याचं भाडं कोण भरणार, हे आधी ठरवा.

विद्यापीठाचं घर

स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी फ्रॅटर्निटींची घरं विद्यापीठाच्याच मालकीची आहेत. दुरुस्ती, आगीपासूनची सुरक्षा आणि बहुधा भाडेवसुलीही त्यांच्याकडे असते. पालक म्हणून मला हा पर्याय सर्वांत निर्धास्त वाटतो. चॅप्टर म्हणून मात्र पाहुणेपण संपत नाही. ठरावीक खाटा भरल्या नाहीत किंवा शिस्तभंगाची कारवाई झाली, तर घर पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाला जातं. वीस वर्षं भाडं भरूनही हातात काही उरत नाही.

याचाच एक मधला प्रकार आहे: जमीन विद्यापीठाची, इमारत चॅप्टरच्या माजी सदस्यांची. मुंबईत कलेक्टरच्या जमिनीवरच्या सोसायट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातली मेख सांगायला नको. करार संपल्यावर इमारतीचे पैसे मिळणार का, आणि चॅप्टर बंद पडला तर काय, ही दोन कलमं वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय वीटही रचू नये.

मालकीचं घर

इथे पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी: घर सहसा चॅप्टर विकत घेत नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या बदलत्या गटाला बँक तारण कर्ज देणार नाही. विकत घेते हाउस कॉर्पोरेशन, म्हणजे माजी सदस्यांनी राज्याच्या कायद्याखाली नोंदवलेली ना-नफा संस्था. ती घराची मालक असते, चॅप्टरला किंवा एकेका मुलाला भाड्याने देते, विमा काढते, छप्पर गळलं की सुताराला बोलावते. संचालक मंडळ बिनपगारी असतं. हे काम वर्षानुवर्षं करायला तयार असलेली पाच-सहा माणसं नसतील, तर पैसे असूनही घर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचं गणितही मुलांच्या संख्येवर उभं असतं. समजा, वीस खाटांचं घर आहे आणि हप्ता, विमा, घरपट्टी, दुरुस्ती मिळून महिन्याला १६,००० डॉलर लागतात. घर भरलं तर माणशी ८०० डॉलर. चौदाच मुलं राहिली तर माणशी सुमारे १,१४३. एवढं महाग झालं की पंधरावा मुलगा येत नाही आणि चौदावा अपार्टमेंट शोधू लागतो. घरं कर्जापेक्षा या रिकाम्या खाटांनी बुडतात. म्हणून जाणकार कॉर्पोरेशन घरात न राहणाऱ्या सदस्यांकडूनही दर सत्राला 'पार्लर फी' घेतात आणि कमी भरलेल्या घराचं गणित आधी मांडतात.

देणग्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. हाउस कॉर्पोरेशन सहसा कलम ५०१(सी)(७) खाली, म्हणजे सोशल क्लब म्हणून, करमुक्त असते. तिला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. सवलत मिळते ती ५०१(सी)(३) खालच्या शैक्षणिक फाउंडेशनला दिल्यास, आणि असं फाउंडेशन घरातल्या अभ्यासिकेसारख्या शैक्षणिक भागापुरताच पैसा देऊ शकतं. "कर वाचेल" म्हणून देणगी मागणाऱ्याला हा फरक विचारा. कर्जासाठी काही राष्ट्रीय फ्रॅटर्निटींचे गृहनिधी आहेत. एमआयटीसारख्या संस्थेत तर अशा घरांना कर्ज देणारा स्वतंत्र निधीच आहे. त्यांच्या अटी बँकेपेक्षा समजूतदार असू शकतात. मात्र चार्टर (राष्ट्रीय फ्रॅटर्निटीने चॅप्टरला दिलेली मान्यता) गेला तर घर कोणाकडे जाईल, हे त्यांच्या कागदांत नीट वाचा.

आगीच्या बाबतीत तडजोड नको. १२ मे १९९६ रोजी, पदवीदानाच्या दिवशी, नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलमध्ये फाय गॅमा डेल्टा फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी गेले. त्यानंतर त्या गावाने फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींच्या (मुलींच्या तशाच संघटनांच्या) घरांत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, सक्तीचे केले. जुन्या लाकडी घरात ते बसवणं महाग पडतं, आणि नेमका हाच खर्च घाईत घर घेणारे अंदाजपत्रकातून वगळतात. स्प्रिंकलरशिवायचं घर स्वस्तात मिळत असेल, तर ते स्वस्त नाही.

मालकी असूनही घर हातचं जाऊ शकतं. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजने १९९५ मध्ये सर्व विद्यार्थ्यांनी कॉलेजच्याच निवासात राहायचं असं ठरवलं. फ्रॅटर्निटींची घरं उभी राहिली, राहणारं कोणी उरलं नाही. कोलगेट विद्यापीठाने २००३ मध्ये फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींना घरं विद्यापीठालाच विकायला सांगितलं. एक फ्रॅटर्निटी कोर्टात गेली आणि हरली. त्यामुळे लहान, खासगी, सगळी मुलं कॅम्पसवरच ठेवू पाहणाऱ्या कॉलेजात मी घर घ्यायला सांगणार नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठात, जिथे हजारो मुलं बाहेर राहतातच, तिथे हा धोका बराच कमी.

घ्यायचंच ठरलं, तर आधीपासून फ्रॅटर्निटीच राहत असलेलं घर शोधा. जुनी परवानगी घरासोबत येऊ शकते. मात्र काही काळ घर रिकामं राहिलं तर ती संपू शकते, म्हणून सौद्याआधी ती तारीख तपासा. सध्या राहत असलेल्या शेजाऱ्यांच्या मधोमध नवी परवानगी मागणं म्हणजे सुनावणीवर सुनावणी.

मग कोणी काय करावं?

चॅप्टर दहा वर्षांच्या आतला आणि माजी सदस्य थोडे असतील, तर विद्यापीठाचं घर मिळत असल्यास तेच घ्या, नाहीतर भाड्याने. पण हाउस कॉर्पोरेशन आजच नोंदवा. भाडेकरार मुलांच्या नावे न करता तिच्या नावे करा, दर सत्राला थोडी घरवर्गणी तिच्या खात्यात जमा करा, हिशेब हिशेबनीसाकडून तपासून घ्या. मदत करू इच्छिणाऱ्या पालकांनीही जामिनाची सही करण्याऐवजी या खात्याची व्यवस्था लावून द्यावी. पाच-सात वर्षांनी बँकेने मागचे ताळेबंद मागितले, तर ते दाखवता येतील, आणि सही करायला तेव्हा तिशीतले माजी सदस्य असतील.