प्रिंट की लॉगिंग: वजनकाट्यावरच्या प्रोग्रामसाठी काय निवडावे?

लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणारा पायथनमधला प्रोग्राम समोर ठेवून प्रिंट (पडद्यावर मजकूर दाखवणारी पायथनची साधी आज्ञा) आणि लॉगिंग (प्रोग्रामच्या घडामोडींच्या नोंदी ठेवणारे पायथनचे मॉड्यूल) यांची तुलना करू. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) सिरियल पोर्टमार्गे वजन घ्यायचे, भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉलीच्या वजनांवरून उसाचे निव्वळ वजन काढायचे आणि पावती छापायची, एवढेच त्याचे काम. तो लिहिणारा छत्रपती संभाजीनगरात बसतो आणि गाळप हंगामात काटा मात्र रात्रभर चालू असतो.

प्रोग्राम आपल्या टेबलावर घडत असेपर्यंत प्रिंटच सोयीचे आहे. इंडिकेटर नेमकी कोणती अक्षरे पाठवतो, शेवटी एखादे न दिसणारे चिन्ह येते का, हे एका ओळीत कळते. तेवढ्यासाठी लॉगरची (लॉगिंगमध्ये नोंदी करणाऱ्या घटकाची) मांडामांड करण्यात अर्थ नाही. एकदाच चालवून टाकून द्यायच्या स्क्रिप्टलाही तेच लागू पडते.

काट्यावर गेल्यानंतर मात्र पडद्याकडे पाहणारे कोणी नसते. प्रिंटचा मजकूर फाइलकडे वळवला, तरी पायथन तो आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठवतो. त्यामुळे कोणी प्रोग्राम सक्तीने बंद केला, तर नेमक्या हव्या असलेल्या शेवटच्या ओळी फाइलपर्यंत पोहोचतच नाहीत. दर प्रिंटला फ्लश (बफरमधले लगेच पुढे पाठवणे) जोडता येतो, मग वेळ जोडावी लागते, मग गांभीर्य, मग मॉड्यूलचे नाव. म्हणजे 2003 मधील पायथन 2.3 पासून भाषेसोबतच मिळणारी लॉगिंगची सोय आपण हाताने आणि अर्धवट पुन्हा बांधत बसतो. लॉगिंगचा फाइल हँडलर, म्हणजे नोंदी फाइलमध्ये लिहिणारा भाग, प्रत्येक नोंदीनंतर फ्लश करतो. (वीजच गेली, तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे अडकलेली नोंद तरीही जाऊ शकते, त्यावर इलाज यूपीएसचाच.)

खरा फरक नोंदींच्या गांभीर्याच्या पातळ्यांमुळे पडतो; ठरवलेल्या पातळीच्या खालच्या नोंदी लॉगिंग गाळते. डिबग 10, इन्फो 20, वॉर्निंग 30, एरर 40 आणि क्रिटिकल 50 असे त्यांचे आकडे आहेत. एरवी इन्फोवर चालणारा प्रोग्राम, वजनाबद्दल तक्रार आली की, सेटिंग वाचण्याची सोय आधीच ठेवलेली असल्यास, कॉन्फिग फाइलमधला एक शब्द बदलून त्या रात्रीपुरता डिबगवर नेता येतो आणि हे काम काटा क्लार्ककडून फोनवरही करून घेता येते. प्रिंटच्या वाटेने जायचे, तर ऐन हंगामात वजनाच्या कोडमध्येच हात घालावा लागतो, आणि माझ्या मते लॉगिंग निवडण्यास एवढे एकच कारण पुरेसे आहे. शिवाय अपवाद (चालू प्रोग्राममध्ये उद्भवलेली चूक) पकडल्यावर लॉगरची एक्सेप्शन पद्धत वापरली, की संपूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे चूक कोणकोणत्या ओळींतून आली त्याचा माग, नोंदला जातो, आणि नोंदीच्या फॉरमॅटमध्ये वेळ ठेवलेली असेल, तर वेळेसह.

लॉगिंगच्या खाचाखोचाही आहेत. मूळ पातळी वॉर्निंग असल्याने नवख्याची इन्फो नोंद दिसतच नाही, आणि तो वैतागून प्रिंटकडे परततो. ठरावीक आकारानंतर नवी फाइल सुरू करणाऱ्या रोटेटिंग फाइल हँडलरला कमाल आकार आणि जुन्या फाइलींची संख्या दोन्ही सांगावी लागतात. मुळात दोन्ही शून्य असल्याने फाइल फुगतच जाते. विंडोजवर शेतकऱ्यांची नावे देवनागरीत नोंदवायची असतील, तर यूटीएफ-8 हे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) स्पष्टपणे द्यावे. बँक खात्याचे क्रमांक मात्र लॉगमध्ये अजिबात येऊ देऊ नयेत, कारण पडद्यावरचे पुसले जाते आणि फाइलमधले राहते.

जुन्या प्रोग्राममध्ये प्रिंट सर्वत्र विखुरलेले असतील, तर सगळे एकदम बदलण्याची गरज नाही; पोर्ट वाचणारा आणि पावती लिहिणारा भाग आधी घ्यावा, आणि तोही मोळी पडण्यापूर्वी.