माझ्या मापाची कुऱ्हाड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी उंची ४ फूट ११ इंच आणि वजन ४४ किलो. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. दापोली तालुक्यात आमची छोटी वाडी आहे. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी बंबात तापतं आणि भात मागच्या पडवीतल्या चुलीवर शिजतो. त्यामुळे वर्षाची फाटी फोडून ठेवणं हे आमच्याकडे मोठं काम. आधी ते सासरे करायचे. गेल्या वर्षी त्यांचा खांदा धरला, नवरा आठवड्याचे सहा दिवस बाहेरगावी, आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी तर करायलाच हवी. म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. तेव्हापासून तीन कुऱ्हाडी हाताळून झाल्या. पहिल्या दोन का नको झाल्या आणि तिसरी का टिकली, ते सविस्तर लिहिते. माझ्यासारख्या लहान चणीच्या माणसांना याबद्दल नीट सांगणारं कोणी भेटत नाही.

पहिली सासऱ्यांची. पातं दीड किलोच्या आसपास, दांडा अडीच फुटाला थोडा कमी. त्यांच्या हातात ती सहज चालायची, घाव कसा एका रेषेत बसायचा. माझे पहिले दहा घाव बरे पडले. मग हात भरून आले आणि नेम गेला. कुऱ्हाड डोक्यावर नेण्यातच सगळी ताकद संपायची, खाली येताना ती मला ओढून न्यायची. लाकडाच्या मध्यावर मारायला जावं तर घाव चार बोटं बाजूला. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना मनगटात कळ आली. आठवडाभर प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

दुसरी ऑनलाइन मागवली. ८५० रुपये. वर्णनात लिहिलं होतं की लहान हातांसाठी आणि बायकांसाठी खास. पातं ६०० ग्रॅम, दांडा पोलादी नळीचा, त्यावर रबर, आणि पूर्ण लांबी साडेअकरा इंच. हातात घेतली तेव्हा फार आवडली, हलकी आणि सुबक होती. पण महिनाभरात तिचे दोष दिसले. काजूच्या एका गाठीवर धार वळली, म्हणजे तुटली नाही, कडेला दुमडली. पोलादाला पाणी (तापवून बुडवून कडक करणं) नीट दिलेलं नव्हतं. घामाने रबर आतल्या नळीवर फिरायला लागलं. तरी हे दोष मी सांभाळून घेतले असते. खरी अडचण होती ती लांबीची.

नोव्हेंबरमधली गोष्ट. उभी राहून एक ढलपी फोडत होते. घाव लाकडावरून घसरला आणि पातं थेट माझ्या डाव्या नडगीकडे आलं. पायात गमबूट होते. रबरावर दीड इंचाची चीर पडली आणि आत कातडीला नुसता ओरखडा. त्या दिवशी बूट नसते तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो. नंतर दोरीने मापून बघितलं तेव्हा कारण कळलं. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर तिची फेर पायाच्या पुढे जमिनीत किंवा ओंडक्यात संपते. आखूड दांड्याची फेर लहान असते, ती वळून आपल्याच पायात येते. उभं राहून काम करणाऱ्यासाठी आखूड कुऱ्हाड जास्त धोक्याची, आणि लहान माणसाला बाजारात नेमकी तीच दाखवतात.

मला सांगायचं आहे ते हेच: माणूस लहान असेल तर पात्याचं वजन कमी करावं, दांड्याची लांबी नव्हे.

यामागे साधा हिशेब आहे. शाळेत शिकलो होतो की पात्याचं वजन दुप्पट केलं तर आघाताची ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. भरपूर वजन उचलायची ताकद माझ्यात नाही, हलकी वस्तू जोरात फिरवायची आहे. पण वेग यायला लांबी लागते. दांडा कापून टाकला की तो वेगच हातातून जातो आणि उरतं ते नुसतं हातोडीसारखं ठोकणं.

हे मला पुस्तकातून सुचलं नाही. आमच्या वरच्या अंगाला रान आहे, तिथून मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका रोज दिसतात. त्यांच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडी मी वर्षानुवर्षं बघत होते, पण नीट पाहिल्या त्या नडगीच्या प्रसंगानंतर. पातं मुठीएवढं, दांडा बारीक आणि हाताएवढा लांब. एकीला थांबवून कुऱ्हाड हातात घेतली आणि एकच घाव मारून पाहिला. मनगटाला धक्का नाही, आणि फांदी दोन तुकडे.

त्याच सुमाराला पुण्याहून भाचा आला. तो डोंगर भटकणारा, त्याच्याकडे टोमाहॉक होता, म्हणजे एक छोटी, हलकी कुऱ्हाड. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मूळ रहिवाशांचं हे हत्यार. शब्दही व्हर्जिनियातल्या पॉवहाटन भाषेतून इंग्रजीत आलेला. आधी दगडी पात्याचे होते, युरोपीय व्यापारी आल्यावर लोखंडी पाती मिळू लागली. कमरेला लावून दिवस दिवस चालायचं असल्यामुळे पातं हलकं. भाच्याचं पातं अर्धा किलोच्या आत होतं आणि दांडा १९ इंच. म्हणजे मोळीवाल्या बायकांचंच माप! मला अधिक आवडली ती दांडा बसवायची तऱ्हा. आपल्या टिकावाचा दांडा कसा नेढ्यातून (पात्याच्या भोकातून) वरून खाली ओवतात आणि वरचं जाड टोक नेढ्यात अडकतं, अगदी तसाच. पाचर नाही, खिळा नाही. पातं उडून जाण्याची भीती नाही, कारण जितकं जोरात फिरवाल तितकं ते जाड टोकावर आवळत जातं.

भाचा म्हणाला, "मामी, तुला असाच मागवून देतो." मी नको म्हटलं. एक तर किंमत. दुसरं, बाजारात टोमाहॉक म्हणून जे मिळतात त्यातले बरेच फेकायच्या खेळासाठी किंवा दिखाव्यासाठी असतात. मागे अणकुचीदार टोक काढलेलं असतं. डोक्यामागून हत्यार फिरवताना ते टोक माझ्याकडे असणार, हे मला चालणार नव्हतं. लाकूड फोडायला मागची बाजू चपटी हवी, म्हणजे तिच्यावर लाकडी मोगरी मारता येते. त्याने मला स्वीडनच्या ग्रान्सफोर्श ब्रूकची हाताने घडवलेली छोटी कुऱ्हाडही दाखवली: पातं ७०० ग्रॅम, दांडा १९ इंच. माप पुन्हा जवळपास तेच. तेव्हा खात्री झाली की मी योग्य दिशेला आहे. पण तिच्या किमतीत आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराणाची सोय होते.

शेवटी लोहाराकडे गेले. त्यांना मी सांगितलं, पातं साडेपाचशे ग्रॅमच्या वर नको, नेढं टिकावासारखं, मागची बाजू चपटी. त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मग म्हणाले, "वहिनी, हात पुढं करा." भिंतीला टेकवलेली एक काठी घेतली, तिचं टोक माझ्या तळहातावर ठेवलं आणि काखेपर्यंत नेऊन कोळशाने खूण केली. पातं तळव्यात धरलं की दांड्याचं टोक काखेला लागलं पाहिजे, हे त्यांचं माप. माझं २० इंच भरलं. मग मूठ मिटायला लावली. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकतील इतकाच दांडा जाड हवा, म्हणाले. दांडा त्याहून जाड असेल तर दिवसभर मूठ आवळून धरावी लागते आणि कोपर दुखायला लागतं. सासऱ्यांच्या कुऱ्हाडीने माझं मनगट का धरलं होतं, ते तिथे उभ्या उभ्या समजलं.

पातं त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपट्टीतून घडवलं. ते पोलाद धारेला चांगलं असतं. पाणी देताना मी जवळ उभी होते. धारेचा बोटभर भागच तापवून बुडवला, मग वर काढून घासून चकचकीत केला आणि मागच्या उष्णतेने रंग चढायची वाट पाहिली. आधी फिकट पिवळा आला, मग तपकिरी, आणि जांभळी झाक दिसताच पुन्हा पाण्यात. त्यापुढे गेलं तर धार मऊ होते, आधीच बुडवलं तर ठिसूळ राहते. हे सगळं दहा-बारा क्षणांत. पात्याचे ४५० रुपये झाले. दांडा धामणीचा, धामणीचं लाकूड लवचीक, धक्का पचवणारं. लाकूड आमचंच, तासायचे १०० रुपये. एकूण ५५० रुपये, म्हणजे ऑनलाइन कुऱ्हाडीहून ३०० रुपये कमी.

आता नऊ महिन्यांचा हिशेब. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचं वाळकं लाकूड आडवं तोडायला ती उत्तम आहे. ग्लिरिसिडियाच्या कुंपणाची छाटणी, वाऱ्याने पडलेल्या फांद्या, काजूचं सरपण, सगळं मी एकटी करते. सकाळी तासभर काम करून संध्याकाळी पुन्हा हातात धरायला नको वाटत नाही, हीच माझी मोठी कसोटी होती. (तोड म्हणजे पडलेल्या लाकडाची आणि छाटणीची. आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडं आपल्या स्वतःच्या जागेतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यासाठी १९६४चा कायदा आहे.)

ओंडके उभे फोडायला मात्र तिची मर्यादा आहे. मांडीएवढा, गाठीचा तुकडा ती फोडत नाही, पातं रुतून बसतं. असे तुकडे मी बाजूला ठेवते, शेजारचे दादा घण आणि लोखंडी पाचर घेऊन येतात. मधल्या जाडीच्या तुकड्यांसाठी एक रीत उपयोगी पडली. पात्याची धार लाकडाच्या टोकाला टेकवायची, लाकूड आणि कुऱ्हाड दोन्ही एकत्र उचलायचं आणि एकत्रच ओंडक्यावर आपटायचं. नेम धरावा लागत नाही, चुकायचा प्रश्न नाही. खाली ठेवायचा ओंडका गुडघ्याच्या थोडा खाली येईल इतकाच उंच. माझा ओंडका ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात पडलेल्या आंब्याचा आहे. त्यावर मोटारसायकलचा जुना टायर ठेवलाय, त्यात लाकडं उभी राहतात आणि ढलप्या पायावर उडत नाहीत. बारीक काटक्या तोडायच्या असतील तर मी गुडघे टेकून बसते. बसल्यावर चुकलेला घाव ओंडक्यातच जातो.

धार महिन्यातून एकदा कानशीने, आणि मधून मधून दगडाने. विकत घेताना पोलाद तपासायलाही कानस उपयोगी आहे. धारेवर हलकेच फिरवा. नुसती घसरली तर पातं ठिसूळ असू शकतं, लोण्यासारखी रुतली तर धार वळणार. थोडा जोर लावल्यावर पोलादाचा भुगा निघाला पाहिजे. माझ्या पात्याला नऊ महिन्यांत एकच बारीक खळी पडली, तीही लाकडात दडलेल्या कुंपणाच्या खिळ्यामुळे. ती घासून काढली. लोहाराकडे नेऊन शेवटून (तापवून, ठोकून पुन्हा धार करून) आणायची वेळ अजून आलेली नाही.

दोष दोन आहेत. दांडा नेढ्यातून ओवायचा असल्यामुळे खालच्या टोकाला बोंड, म्हणजे फुगीर गाठ, ठेवता येत नाही. बोंड असलं की हात निसटत नाही. इथे ते नाही. मार्च-एप्रिलच्या घामात मूठ सरकायला लागली. मी शेवटच्या चार इंचांवर सुती दोरी गच्च गुंडाळली, दांडा काढायचा झाला तर ती सोडायची. सुतळी लावू नका, तळव्याला फोड येतात. दुसरा दोष म्हणजे उन्हाळ्यात दांडा आक्रसला आणि पातं खाली सरकलं. कुऱ्हाड उलटी धरून दांड्याचं वरचं टोक ओंडक्यावर दोनदा आपटलं की पुन्हा घट्ट बसतं. आमच्याकडे सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची पद्धत आहे. तात्पुरती ती चालते, पण लाकूड पुन्हा वाळलं की आधीहून सैल होतं, आणि नेढ्यात गंज येतो. त्यापेक्षा दांड्याला जवसाचं तेल चोळावं. पावसाळ्यात पात्याला करंजेल, तेही काम झाल्या झाल्या, दुसऱ्या दिवसावर न ठेवता.

जवळपास लोहार नसेल तर आठवडी बाजारात नुसतं पातं मिळतं. ते किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना किंवा माझ्या चणीच्या बाईला ४५० ते ६०० ग्रॅम पुरे. दांडा तयार असेल तर त्याच्या रेषा बघा. त्या टोकापासून टोकापर्यंत सरळ जात असतील तरच घ्या. बाजूला फाकलेल्या रेषांचा दांडा कधीतरी तिथूनच मोडतो.

काल लोहाराकडे पुन्हा जाऊन आले. शेजारच्या वहिनींनी माझी कुऱ्हाड दोन दिवस वापरली, त्यांना तशीच हवी आहे. त्या माझ्याहून बुटक्या, त्यांचं माप १९ इंच भरलं. माझ्यासाठीही धामणीचा आणखी एक तुकडा तासून आणलाय, चुलीवरच्या माळ्यात धुराला वाळत ठेवलाय. या वेळी मुठीच्या जागी थोडा अंडाकृती ठेवायला सांगितला आहे, म्हणजे अंधारात हात लावला तरी धार कुठल्या बाजूला आहे ते कळेल.