गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये आयपीएस स्क्रीन: आठ महिने वापरल्यानंतर

हा अनुभव पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं. दुसऱ्या महिन्यात लिहिला असता तर किट बनवणाऱ्याच्या नावाने शिमगा केला असता. दोन्ही वेळा चुकलोच असतो, म्हणून आता आठ महिन्यांनी लिहितोय.

ज्यांनी मूळ गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हातात धरलाय त्यांना स्क्रीन का बदलावीशी वाटते हे सांगायला नको. निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा 2001 चा कन्सोल, 2.9 इंची स्क्रीन, 240×160 पिक्सेल आणि स्वतःचा उजेड शून्य. बाहेरचा प्रकाश आरशासारखा परत फेकायचा आणि त्यावर चित्र दाखवायचं, एवढंच तिचं काम. दिव्याखाली मान वाकडी करून बसायचं, थोडं हललं की काळोख. 2003 च्या एसपीला, म्हणजे याच कन्सोलच्या घडी होणाऱ्या मॉडेलला, समोरून दिवा मिळाला, 2005 पासूनच्या सुधारित एसपीला मागून. पण एसपीच्या घडीच्या अंगाने माझी बोटं अर्ध्या तासात आखडतात, शिवाय तिला हेडफोनचं साधं भोकही नाही. म्हणून आडव्या मूळ कन्सोललाच मागून उजेड असलेली आयपीएस स्क्रीन (कुठल्याही कोनातून नीट दिसणारा एलसीडीचा प्रकार) द्यायची ठरवली.

बसवण्याबद्दल थोडक्यात. मागचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांचे, त्यांना वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो. बॅटरीच्या कप्प्यातला सातवा साधा फुलीचा. मदरबोर्ड दोन प्रकारचे येतात, 40 पिनवाले आणि 32 पिनवाले. माझ्या किटमध्ये दोन्हींच्या रिबन (स्क्रीन बोर्डाला जोडणाऱ्या चपट्या केबल) होत्या, त्यामुळे उघडल्यावर धक्का बसला नाही. जुनीच बॉडी वापरायची तर आतलं प्लास्टिक कापावं लागतं. मी एका कोपऱ्यात जरा जास्तच कापलं, आणि रात्री तिथून उजेडाची बारीक रेघ डोकावते. ती माझी सही समजतो. स्क्रू परत लावताना आधी उलटे फिरवा, जुन्या आट्यांत बसल्याचा टक् असा आवाज आला की मगच घट्ट करा. नाहीतर प्लास्टिकच्या आट्या जातात आणि स्क्रू नुसता गरागरा फिरत राहतो.

चित्र मात्र पहिल्या क्षणाला दृष्ट लागावं असं. मूळ प्रत्येक पिक्सेल आडवा-उभा तिप्पट होतो, 240×160 चे 720×480, त्यामुळे कडा कुठे धूसर नाहीत. ‘कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून’मधल्या भिंती इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दिसल्या. आधी मी त्या अंदाजाने चढत होतो. काही गेम मात्र आता डोळ्यांत घुसतात. अंधाऱ्या स्क्रीनवर उठून दिसावेत म्हणून त्यांचे रंग मुद्दाम भडक ठेवलेले होते, आणि आता त्यांच्यामागे दिवा लागलाय.

नव्याचे नऊ दिवस सहा आठवडे टिकले. मग एका संध्याकाळी खेळता खेळता स्क्रीन काळी झाली आणि सुरुवातीचा लोगो परत आला. बॅटरी संपली असेल म्हणून बदलली. दहा मिनिटांत तेच. कन्सोलवरचा हिरवा दिवा बॅटरी संपत आल्यासारखा तांबडा व्हायचा, परत हिरवा व्हायचा. ब्राइटनेस पूर्ण असताना हमखास, अर्ध्यावर कधीतरी, अगदी कमी ठेवला तर नाहीच. पुढच्या पंधरवड्यात कमी ठेवूनही व्हायला लागलं.

इथून पुढचा महिना आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. स्क्रीन नवी लावली आणि स्क्रीनच बंद पडते, म्हणजे दोष स्क्रीनचा, हे इतकं उघड वाटत होतं की दुसरीकडे बघितलंच नाही. रिबन चार वेळा काढून बसवली, शेवटच्या वेळी कनेक्टरची खिट्टी मोडता मोडता वाचली. स्क्रीनच्या मागच्या सर्किटला टेपचा आणखी एक थर लावला, कुठे मदरबोर्डला टेकून शॉर्ट होत असेल म्हणून. त्यातच एक खोटा धागा हाती लागला: बॉडी दोन्ही हातांनी किंचित पिळली की सगळं सुरळीत. झालं, माझी खात्रीच पटली की रिबन सैल आहे. दुसरी रिबन मागवली. तिनेही काही झालं नाही.

रिबनचा दोष कसा दिसतो हे तेव्हा माहीत असतं तर महिना वाचला असता. रिबन तिरकी बसली की उभ्या रेघा येतात, एखादा रंग गायब होतो, चित्र फाटतं किंवा स्क्रीन पांढरी राहते. पण गेम चालूच असतो, आवाज येत राहतो. माझ्याकडे आवाजही तुटत होता आणि गेम पहिल्यापासून सुरू होत होता. म्हणजे अख्ख्या कन्सोलचा वीजपुरवठा जात होता. स्क्रीन बिचारी इतरांसारखीच उपाशी.

शेवटी मल्टिमीटर काढला. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल पिन धन टोकाला, गेम चालू, ब्राइटनेस पूर्ण: 2.52 व्होल्ट. चार्ज होणाऱ्या दोन सेलना हे ठीकच. मग लाल पिन पॉवर स्विचच्या पलीकडच्या पायावर: 2.07. म्हणजे खालच्या कडेचा तो एवढासा सरकता स्विच एकटा 0.45 व्होल्ट खात होता. तो वीस वेळा मागे-पुढे केला आणि परत मोजलं, तर फरक निम्म्यावर आला. महिनाभर जे सापडलं नाही ते दहा मिनिटांत समोर. बॉडी पिळल्यावर बरं का वाटायचं तेही कळलं: बोर्ड वाकला की स्विचचे आतले संपर्क किंचित हलायचे.

वीस-पंचवीस वर्षांत स्विचच्या संपर्कांवर काळपट थर चढतो आणि विजेला होणारा विरोध वाढतो. जुन्या स्क्रीनला दिवा नव्हता, कन्सोल करंट कमी ओढायचा, म्हणून तेवढ्या विरोधावर पडणारं व्होल्टेज कुणाच्या लक्षात येत नसे. नव्या स्क्रीनच्या दिव्याने करंट वाढला, आणि त्याच विरोधावर पडणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढलं. पुढचा भाग जास्त वाईट. आतला कन्व्हर्टर बॅटरीचं व्होल्टेज चढवून 3.3 आणि 5 व्होल्ट तयार करतो. त्याच्याकडे येणारं व्होल्टेज पडलं की तेवढीच पॉवर मिळवायला तो आणखी करंट ओढतो, मग स्विचवर आणखी व्होल्टेज पडतं. म्हणून बिघाड हळूहळू न येता एकदम कोसळल्यासारखा येतो.

उपाय स्वस्त आणि कंटाळवाणा. सेल काढायचे, स्विचच्या फटीत 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, तीस-चाळीस वेळा मागे-पुढे, पूर्ण वाळू द्यायचं, परत एकदा. गंज सोडवायचं तेल घालू नका, ते धूळ धरून बसतं. स्विच खात असलेलं व्होल्टेज 0.06 वर आलं. दोन महिने छान गेले, मग तांबडा दिवा पुन्हा डोळे मिचकावू लागला. दुसऱ्या खेपेला स्विचचं पत्र्याचं झाकण उघडलं. आतले संपर्क चक्क काळे होते. कापसाच्या काडीने चमकेपर्यंत पुसले आणि झाकण दाबून बसवलं. आतले तुकडे तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान आहेत, खाली पांढरा कागद पसरून बसा. मी बसलो नव्हतो, आणि अर्धा तास गुडघ्यांवर रांगत होतो. त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांत एकदाही बंद पडलेला नाही.

स्विच उघडला त्याच दिवशी जुन्या गेम बॉयची कार्ट्रिज (गेमच्या कॅसेट) चालेनात, पण अ‍ॅडव्हान्सची चालत होती. या वेळी डोकं लवकर चाललं. जुन्या कार्ट्रिजना 5 व्होल्ट लागतात, नव्यांना 3.3, आणि कुठली घातली आहे हे स्लॉटमधल्या बारीक स्विचवरून ठरतं. जुन्या कार्ट्रिजच्या आकाराने तो दाबला जातो. तोही त्याच वयाचा, त्याच औषधाने बरा झाला.

आता जे खरोखर स्क्रीनच्या खात्यात जातं ते. हेडफोन लावला की ब्राइटनेसबरोबर वाढणारी बारीक शीळ ऐकू येते, अर्ध्याखाली ठेवला तर गेमच्या आवाजात विरते. कन्सोल सेकंदाला 59.73 चित्रं काढतो आणि हे पॅनल स्वतःच्या गतीने, 60 च्या आसपास, चालतं. त्यामुळे आडवं सरकणारं दृश्य असलं की दर तीन-चार सेकंदांनी एक चीर स्क्रीनवरून जाते. एकदा दिसली की दिसतच राहते, माफ करा. काही गेम सावली किंवा धुकं दाखवायला चित्र एका फ्रेमला दाखवतात, पुढच्या फ्रेमला लपवतात. जुनी मंद स्क्रीन ते एकमेकांत मिसळून टाकायची, ही तसं करत नाही, सावली सरळ लुकलुकते. ब्राइटनेस सिलेक्ट बटणाबरोबर एल किंवा आर बटण दाबून बदलतो, त्यासाठी तीन वायरी सोल्डर कराव्या लागतात. माझी एक वायर स्क्रूच्या खांबाखाली चिरडली होती आणि ब्राइटनेस आपोआप चढायचा. तो दोष माझाच.

बॅटरीचं म्हणाल तर पूर्वी दोन सेलवर पंधरा तास निघायचे, आता मध्यम ब्राइटनेसला सहा. लिथियमची बॅटरी टाकायचा मोह अजून आवरलाय.

एवढं असूनही जुनी स्क्रीन परत लावणार का? नाही. ती डबीत ठेवलीय आणि डबी कुठे ठेवलीय ते आठवत नाही. उलट भावाचा कन्सोल पडून होता, त्यालाही हेच किट बसवायचंय. किट अजून मागवलेलं नाही. काल नुसता स्विच मोजला: जुन्या, दिवा नसलेल्या स्क्रीनवरच 0.12 व्होल्ट गायब आहेत. रविवारी तो उघडतोय, या वेळी पांढऱ्या कागदावर.